जमिनीपासून एक बोट वर

साळवे सर कुणालाही पहिल्यांदा भेटले, की त्याच्या चेहऱ्याकडे न बघता कपड्याच्या खालच्या काठाकडे बघत. आमच्या प्रिन्सिपल मॅडमच्या साडीचा काठ मागून चपलेखाली येतो, हे त्यांनी मुलाखतीच्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. संस्थेचे चेअरमन, ज्यांना सगळे तात्या म्हणत, त्यांच्या पांढऱ्या विजारीची उजवी बाजू डावीपेक्षा अर्धा बोट लांब होती. "खांदा उतरलाय त्यांचा. कसलं तरी ओझं हाय डोक्यावर," सर आम्हाला नंतर म्हणाले. तात्यांवर कसलं ओझं असेल असं आम्हा मुलींना वाटत नव्हतं.

माझा एक मोजा कायम घसरलेला असायचा. पहिल्या दिवशी सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मोजा वर ओढला. एवढीच आमची ओळख झाली आणि मला ती पुरेशी वाटली. मी तेव्हा नववीत होते. विचारल्याशिवाय बोलत नसे, आणि विचारलं तरी एका वाक्यात उरकत असे.

सर इंदापूरला राहत. सैन्यात एकवीस वर्षं त्यांनी बॅगपाइप वाजवला होता आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. बारामतीतल्या दुसऱ्या एका इंग्रजी शाळेने पितळी वाद्यांचा बँड काढला, तेव्हा आमच्या तात्यांनी ठरवलं की आपण मुलींचा पाइप बँड काढायचा. सर आठवड्यातून तीन दिवस एसटीने येऊ लागले. नेमणूक वर्षापुरती होती. बँडचं पहिलं वाजवणं सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर व्हायचं होतं, आणि तात्यांनी सरळ सांगितलं होतं, "सव्वीस तारीख नीट झाली की पुढच्या वर्षाचं पत्र देऊ."

पत्र हा शब्द सर कधी उच्चारत नसत. त्यांच्या बायको, शालनकाकू, मात्र उच्चारत. काकू इंदापूरला शिवणकाम करायच्या, शिवलेल्या नऊवारीसाठी त्यांचं नाव होतं, आणि सरांनी त्यांना बँडच्या कपड्यांसाठी शाळेत आणलं होतं. "ह्यांचा पाइप म्हंजी आमच्या घरात दुसरी बायकोच," त्या म्हणायच्या. "ती रुसली की ह्यांला जेवान जात न्हाय. पत्र आलं तर दोघी सुखानं नांदू."

आम्ही नऊ जणी होतो. सरांची शिकवण्याची पद्धत अशी, की पहिले दोन महिने पाइपमधून सूर काढायचाच नाही. काखेतली पिशवी फुगवायची, फुंकायचं, आणि फुंकणं थांबवून श्वास घेताना कोपराने पिशवी दाबायची, म्हणजे हवा जात राहते. "तोंड बंद झालं तरी सूर बंद व्हायला न्हाय पायजे," ते म्हणत. "हात पिशवीवर. ध्यान पिशवीवर. हात सुटला की बकरू मेल्यावाणी आवाज येतो." आमच्याकडून तो आवाज दिवसाला पन्नास वेळा यायचा. मग ते डोळे मिटून घेत, जणू खरंच कुणी मेलंय.

मला ही गोष्ट जमली. तोंड बंद ठेवण्याचा सराव होताच. सर प्राजक्ताला म्हणाले, "हिचं बघ. बोलत न्हाय, पर हवा धरून हाय." प्राजक्ता बँडची पुढारी होती आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

नोव्हेंबरात कपड्यांचा प्रश्न निघाला. पाइप बँड म्हणजे किल्ट, स्कॉटिश सैनिकांचा तो चुण्यांचा पोशाख, आलाच. तात्यांनी एका दुकानातून नमुना मागवला. हलकं टेरिकॉटचं कापड, लाल-हिरवी चौकड, कमरेला वेल्क्रो, आत शिवलेली चड्डी, मापं स्मॉल, मीडियम, लार्ज. धुवायला सोपा आणि घालायला अर्धा मिनिट. मॅडमना तो आवडला. आम्हालाही आवडला, खरं सांगायचं तर. स्कर्टसारखा दिसत होता आणि स्कर्ट आम्हाला माहीत होता.

सरांनी तो हातात घेतला, कमरेशी धरून खाली सोडला आणि काठाकडे पाहिलं. पंखा चालू होता. काठ उडत होता.

"ह्याला वजन न्हाय," ते म्हणाले.

"हलका आहे तेच चांगलं ना, सर?" मॅडम म्हणाल्या.

"किल्ट घालत न्हाईत, मॅडम. किल्टमधी उभं राहत्यात."

पुढच्या खेपेला ते त्यांचा किल्ट घेऊन आले. जुन्या पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात, घड्या दोऱ्याने टाचून ठेवलेला. आठ वार लोकर. मागे एकसारख्या चुण्या, पुढे सपाट दोन पदर, बाजूला चामड्याचे पट्टे. काकूंनी चुण्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "निऱ्याच की. आमी पुढं घालतो, ह्यांच्या मागं." त्या घरात त्याला सरांचा परकर म्हणत. सर ते ऐकून घेत. दुसऱ्या कुणी म्हटलेलं चाललं नसतं.

कमरपट्टीच्या आतल्या बाजूला शाईने चार नावं लिहिली होती. चौथं सरांचं. ते एकोणीस वर्षांचे असताना पलटणीतल्या उस्तादाने प्रत्येकापुढे दोन किल्ट टाकले होते, एक कोरा, एक जुना, आणि म्हणाला होता, निवड. बाकीच्यांनी कोरे घेतले. सरांनी जुना घेतला. का, असं प्राजक्ताने विचारलं.

सरांनी नावांवर बोट ठेवलं. "गावात मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. आडनाव आधी, मग वस्ती कुठली ती, मग माणूस. ह्याच्यात ही तीन नावं हुती. एक गढवाली, एक पंजाबी, एक आपल्या सातारकडचा. त्यांच्याखाली माझं लिवलं. कुणी इचारलं न्हाय कुणाचा कोण. चौथा, बास."

मग त्यांनी दुकानाचा किल्ट उलटा करून बघितला. आत कागदी पट्टीवर 'एस' छापलं होतं. "ह्याच्यात नाव कुठं लिवायचं?" ते स्वतःशीच म्हणाले.

तात्यांनी त्यांना एक संधी दिली. सरांनी त्यांच्या पद्धतीचा एक किल्ट नमुना म्हणून करावा, दोन्ही शेजारी ठेवून ठरवू. सरांनी ओळखीतून लुधियान्याहून लोकर मागवली. काकूंनी ती तीन आठवडे हाताने शिवली. माप माझं घेतलं, कारण नऊ जणींत मी मधली होते, उंचीनेही आणि सगळ्यानेच.

डिसेंबरातल्या एका शनिवारी तो तयार झाला. मी तो खेळाच्या पँटवरून नेसले, म्हणजे काकूंनी नेसवला. पट्टे आवळले तेव्हा कमरेभोवती कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखं वाटलं. मी चालले तर मागच्या चुण्या एक क्षण उशिरा चालत आणि पाऊल थांबलं की येऊन थांबत. मला आपोआप सरळ उभं राहावं लागलं.  सर काठाकडे बघत होते.

"आता समद्या एका रांगेत. गुडघं टेका," ते म्हणाले.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आमच्या शाळेत खालच्या वर्गात गुडघ्यांवर बसवणं ही शिक्षा होती. सरांना ते माहीत नसावं. त्यांनी सांगितलं, किल्टची लांबी उभ्याने मोजत नाहीत. गुडघे टेकवायचे, पाठ सरळ, आणि काठ जमिनीपासून एक बोट वर आला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. उभं राहिल्यावर तोच काठ गुडघ्याच्या मध्यावर येतो. "माणूस उभा राहिल्यावर समदेच उंच दिसत्यात," ते म्हणाले. "खरं माप गुडघ्यावर."

आम्ही मैदानावर रांगेने गुडघे टेकले. काकू टेप घेऊन एकेकीची कंबर ते जमीन मोजत होत्या आणि सर दहा पावलं लांब उभे राहून वहीत आकडे लिहीत होते. ते कधीच जवळ येत नसत, मोजायचं काम काकूंचं. सहाव्या मुलीपाशी काकूंचा खुणा करायचा खडू संपला. त्या पिशवीतून दुसरा आणायला पाण्याच्या टाकीमागे गेल्या. मी रांगेच्या टोकाला होते आणि ऊन नेमकं माझ्या डोळ्यात येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हलू नका असं सांगितलं होतं, म्हणून मी पुसलं नाही.

फाटकापाशी कुणाचे तरी वडील मुलाला न्यायला आले होते. त्यांनी फोटो काढला.

संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या गटावर होता. नऊ मुली उन्हात गुडघ्यांवर, समोर हातात वही घेतलेला एक माणूस, आणि सगळ्यात पुढे मी, रडत असलेली. माझ्या आईने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, माप घेत होते. आई म्हणाली, "माप घेताना रडतात का?" मला उन्हाचं सांगायचं होतं. तेवढ्यात तिला मावशीचा फोन आला आणि मावशीला ती म्हणाली, "हो गं, माझीच."

सोमवारी मॅडमच्या केबिनमध्ये तात्या, मॅडम, आई आणि मी. सर बाहेर बाकावर. दार उघडं होतं. मॅडमनी मला इंग्रजीत विचारलं, घाबरू नकोस, काय झालं ते सांग.

मी म्हटलं, सरांनी आम्हाला गुडघे टेकायला सांगितलं.

त्यापुढे माझं दुसरं वाक्य होतं. तयार होतं. पण तात्या म्हणाले, "बघा," आणि आई बोलू लागली, आणि मॅडम लिहू लागल्या. माझ्यासारख्यांना दुसऱ्या वाक्यासाठी जागा लागते. ती कुणी राखून ठेवत नाही. मी खाली बघत बसले. तात्यांच्या विजारीची उजवी बाजू खरंच लांब होती.

सरांना आत बोलावून सांगण्यात आलं, की संस्था विचार करील, तोवर येऊ नका. ते म्हणाले, "जी." बाहेर काकू उभ्या होत्या. त्या हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "सांगा की त्यांस्नी. तोंड न्हाय का तुमाला?"

"माझं बोलणं माझ्याच बाजूचं," सर म्हणाले. "त्याला काय वजन?"

मी बाहेर आले तेव्हा ते वही पिशवीत ठेवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवीवरचा हात सुटला. हुतं तसं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आईने ठरवलं की मी बँड सोडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन तसा अर्ज द्यायला शाळेत आली. आम्ही केबिनमध्ये बसलो होतो, तात्याही आले होते, आणि बाहेर शिपायाचा आवाज आला, "अहो, असं कसं आत जाता?"

सर दारात उभे होते. अंगात जुना किल्ट, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, पांढरा शर्ट, पायात चकचकीत काळे बूट. इंदापूरहून ते तसेच एसटीने आले होते. काकूंनी नंतर सांगितलं, की कंडक्टर म्हणाला होता, "काय नाना, लेडीज हाफ तिकीट फाडू का?" आणि गाडीभर हसणं झालं होतं. सर म्हणाले होते, "पुरं दे. कपडा आखूड असला तरी माणूस पुरा हाय."

केबिनमध्ये कुणी हसलं नाही. तात्यांच्या कपाळावर आठी आली. "साळवे, हे काय सोंग?"

 सर टेबलाच्या पुढे आले आणि दोन्ही गुडघे फरशीवर टेकले. पाठ सरळ, हात बाजूला. गुडघे टेकताना त्यांच्या डाव्या गुडघ्यातून आवाज आला, तो सगळ्यांना ऐकू आला. चुण्या मागे पसरल्या नाहीत, पडल्या त्याच घडीत थांबल्या.

"मोजा," ते म्हणाले.

कुणी हललं नाही. मॅडमनी तात्यांकडे पाहिलं. आईने अर्जाचा कागद दुसऱ्या हातात घेतला. पंख्याचा आवाज येत होता. सर समोरच्या भिंतीकडे बघत होते, आणि मला दिसलं की त्यांच्या मानेची शीर उडते आहे. त्यांना तिथे किती वेळ तसं राहावं लागेल, ते कुणालाच माहीत नव्हतं. कदाचित कुणी काहीच बोललं नसतं आणि शेवटी त्यांना आपलं आपण उठावं लागलं असतं. ते मला बघवलं नसतं.

मॅडमच्या टेबलावर लाकडी पट्टी होती. मी ती उचलली. आई म्हणाली, "अगं." मी सरांच्या शेजारी खाली बसले आणि पट्टी फरशीवर उभी धरली. काठ तिच्यावर पाऊण इंचावर आला. मी माझं बोट आडवं घालून बघितलं. बसलं.

"एक बोट," मी म्हटलं. मग मराठीतच म्हटलं, "ही शिक्षा नव्हती. माप असंच घेतात. माप काकू घेत होत्या, त्या खडू आणायला गेल्या होत्या. माझ्या डोळ्यांत ऊन येत होतं."

एका दमात चार वाक्यं. माझा आवाज मलाच परका वाटला.

तात्या माझ्याकडे वळले. "मग हे काल का नाही बोललीस, बाळ?"

 सर अजून गुडघ्यांवरच होते. तिथूनच म्हणाले, "काल मोजपट्टी नव्हती तिच्याकडं."

तक्रार मिटली. पण सगळं मिटलं नाही. तात्या म्हणाले की झालं ते झालं, आता मापं नकोत आणि फोटो नकोत, दुकानातले वेल्क्रोवाले नऊ मागवा. सव्वीस तारखेपर्यंत सरांनी शिकवावं, पुढचं पुढे. पत्राचा शब्द त्यांनी काढला नाही. सर उठताना टेबलाला हात न लावता उठले. "जी," म्हणाले.

आईने अर्ज पर्समध्ये घातला. घरी गाडी लावताना म्हणाली, "आधी नीट सांगायचं ना." मी हो म्हटलं.

नमुन्याचा लोकरी किल्ट माझ्या मापाचा होता. दुसऱ्या कुणाला तो बसत नव्हता. जानेवारीच्या सुरुवातीला मी सरांना विचारलं, की मी तोच घालू का. एवढं मागणं मी आयुष्यात कुणाकडे केलं नव्हतं.

"न्हाय," ते म्हणाले. "तू एकटी येगळी दिसलीस तर लोक तुला बघतील, बँडला न्हाय. हुकूम झालाय तो घालायचा. घालायचा कसा, ते आपल्या हातात."

दुकानातून आलेले नऊही किल्ट ते इस्त्रीसाठी म्हणून इंदापूरला घेऊन गेले. परत आणले तेव्हा माझा हातात घेताच जड लागला. वेल्क्रो तसाच, चड्डी तशीच. पण खालच्या काठाच्या दुमडीत, बोटाने चाचपलं की कळावं असे, वाटाण्याएवढे कडक दाणे शिवलेले होते, चुणीगणिक एक. धरणाच्या फुगवट्यावर मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला लावतात ती शिसं. सरांनी ती कोळ्यांकडून आणली होती. काकू आपली बोटं दाखवत म्हणाल्या, "आठ दीस काळी हुती. जावई आला तर म्हनला, मामी, चूल सारवली का." मी किल्ट कमरेशी धरून खाली सोडला. पंखा चालू होता. काठ हलला नाही.

आतल्या कागदी पट्टीवर 'एस' च्या खाली शाईने माझं नाव लिहिलं होतं. प्रत्येकीच्या किल्टमध्ये तिचं तिचं. पट्टी इतकी अरुंद होती, की अक्षरं मुंग्यांएवढी काढली होती.

जूनमध्ये त्यांना पत्र गेलं नाही. पाइप अजून संगीताच्या खोलीतल्या कपाटात असतील, पिशव्या वाळून गेल्या असतील. काकूंनी मला लोकरी किल्ट पोस्टाने पाठवला, तो मी पुण्याच्या वसतिगृहातही आणला आहे, घड्या दोऱ्याने टाचून. सरांना मी नंतर भेटले नाही. फोन करायचा ठरवलं की पहिलं वाक्य सापडत नाही.

मला ते शेवटचे दिसले त्या सव्वीस जानेवारीलाच. मैदानावर वारा होता. ध्वजाची दोरी खांबावर आपटत होती, बायकांचे पदर उडत होते. संस्थेने बँडच्या पुढे चालायला प्राजक्ताला ठेवलं होतं. सरांना दोरीच्या बाहेर, बघ्यांत उभं राहायला सांगितलं होतं. आम्ही निघालो. माझं पहिलं फुंकणं जरा उशिरा झालं, मग पिशवी भरली. समोर बघायचं, बाजूला बघायचं नाही, हा सरांचाच हुकूम. तरी वळणावर डोळ्याच्या कोपऱ्यातून दोरीपलीकडची गर्दी दिसली आणि त्यात एका माणसाची जागा रिकामी दिसली.

ते खाली होते. लोकांच्या पायांमध्ये, धुळीत, दोन्ही गुडघे टेकून, मान वाकवून आमच्याकडे जमिनीच्या बाजूने बघत होते. शेजारच्या माणसाला वाटलं यांचं काही पडलं, तोही वाकून धुळीत शोधू लागला. सरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, नऊ काठांवरून, आणि परत आली. मग त्यांनी एक बोट आडवं करून आमच्या दिशेने धरलं.

मला श्वास घ्यायचा होता. मी घेतला. हात पिशवीवर होता.